परत आलेल्या कॉइली

सोमवारी सकाळी अमरसिंह गाडीतून उतरले ते हातवारे करतच. मुरगूडच्या अलीकडच्या एका दूध संस्थेचे ते सचिव. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून आणलेलं दुधाची फॅट मोजायचं मशीन त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि श्रीपाल आण्णांच्या टेबलावर आणून ठेवलं.

"आण्णा, हे तुमचं मशीन घ्या आणि माझा जीव सोडवा. एकाच म्हशीचं दूध, एकाच किटलीतलं. पयल्यांदा सहा पॉइंट आठ दाखवलं, दुसऱ्यांदा सात पॉइंट चार, तिसऱ्यांदा सहा पॉइंट पाच. मागं बाया रांगेत उभ्या हायत. त्यास्नी काय सांगू? म्हस मधीच विचार बदलायलीया म्हणून?"

एरवी ह्यावर अख्खा हॉल हसला असता. त्या दिवशी कुणी हसलं नाही, कारण आठवड्याभरात परत आलेलं हे सहावं मशीन होतं. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या आण्णांच्या ह्या छोट्या कारखान्यातून दिवाळीनंतर वीस नवी मशीनं बाहेर पडली होती आणि जिकडून फोन येई तिकडे हीच रड होती. त्याआधी नमुन्यादाखल केलेली पाच मशीनं मात्र वर्षभर न कुरकुरता चालली होती.

सगळ्यात जास्त घाम फुटला होता साक्षीला. मशीनला वीज पुरवणारा आतला बोर्ड तिनं आखलेला होता. सव्वीस वर्षांची मुरगूडची पोर; कोल्हापुरात इंजिनिअरिंग केलं, इथं लागली, दोन वर्षं दुसऱ्यांचे बोर्ड तपासले आणि मग हा पहिला स्वतःचा. कोपऱ्यात बारीक अक्षरात तिचं नाव होतं. गेले वर्षभर तो बोर्ड हातात घेतला की तिला निकालाच्या यादीत आपलं नाव सापडल्यासारखं वाटायचं. आता त्याच्याकडे बघवत नव्हतं.

आण्णांना फार वेळ विचार करायची सवय नाही. त्यांनी मशीनचं झाकण काढलं, आत डोकावले आणि निकाल देऊन मोकळे झाले.

"हितलं सगळं सामान बाहेरनं येतंय आणि यंत्रानं बसतंय. हातानं केलेली वस्तू एकच. कॉइल."

हॉलमधल्या सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. खिडकीजवळच्या टेबलाशी सोनूबाई बसल्या होत्या. वय एकसष्ट, राहायला कागलला. गेल्याच वर्षी डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. काळ्या रिंगवर तांब्याची तार गुंडाळून कॉइल करायची, हे काम कारखान्यात त्या एकट्याच करायच्या.

"सोनूबाई, वाईट वाटून घेऊ नका," आण्णा तिथूनच मोठ्यानं म्हणाले. "हात थकला तुमचा. शनिवारी पुण्याचा माणूस येणार हाय, त्याला तयार कॉइलींची ऑर्डर देतो. मग हे टेबल बंद करू."

आण्णा मनानं वाईट नव्हते. कुणाच्या घरी आजारपण आलं तर आधी त्यांची गाडी दारात उभी राहायची. पण तीस माणसांसमोर, बसची वेळ सांगावी तशा आवाजात हे बोलायची काही एक गरज नव्हती, आणि त्यांच्या तोंडावर तसं सांगणारं कुणीतरी तिथं असायला हवं होतं. कुणी नव्हतं. आणि चहात साखर कमी पडली तरी कँटीनवाल्याला फैलावर घेणाऱ्या सोनूबाई नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी पुढची रिंग हातात घेतली.

साक्षीला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायलाच हवं. तिला हायसं वाटलं. चूक बोर्डाची नाही, कॉइलची आहे. म्हणजे आपली नाही. दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज दिवसभर काही उतरली नाही.

कारण सोनूबाईंचं काम तिनं जवळून बघितलेलं होतं. अंगठ्याएवढी जाड, बांगडीपेक्षा लहान अशी ती रिंग डाव्या हातात धरायची आणि तारेचं रीळ उजव्या हातानं तिच्या भोकातून आतबाहेर करत राहायचं. नव्वद वेढे. तोंडानं मोजणं नाही, बोटं हलवणं नाही. मधे कुणी हाक मारली तर उत्तरही द्यायच्या, आणि परत तार ओढली की बरोबर त्रेपन्नावा वेढा. तारेवरच्या रोगणाला एक ओरखडा जायचा नाही. यंत्रानं छापून काढाव्यात अशा एकसारख्या कॉइली त्या दिवसभर करून ठेवायच्या. साक्षी नोकरीला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बाजूला घेऊन "जय भीम, पोरी. कुणाची गं तू?" असं विचारलं होतं आणि मुरगूडच्या धम्मपाल सुताराच्या हाताखाली काम करणाऱ्या धोंडीरामची नात म्हटल्यावर, "मग आमचीच की," म्हणून पाठीवर थाप मारली होती. चारचौघांत मात्र त्या तिला "म्याडम" म्हणायच्या. साक्षीनं कितीदा सांगितलं तरी ऐकायच्या नाहीत.

असा हात एका वर्षात थकतो? साक्षीनं दुपारी परत आलेल्या सहा मशीनमधल्या सहाही कॉइली काढल्या आणि मीटरला लावल्या. मीटरनं प्रत्येकीचा आकडा जुन्या कॉइलीइतकाच दाखवला. शंभरात एकाचाही फरक नाही. मीटरच्या लेखी सोनूबाईंचा हात ठणठणीत होता.

मग दोष कुठे?

मशीनचं काम तसं नाजूक. कानाला ऐकू न येणारी आवाजाची एक लाट दुधातून पाठवायची आणि ती पलीकडे कशी पोचते त्यावरून फॅट ओळखायची. पलीकडे पोचणारी लाट इतकी क्षीण असते, की शेजारी गलबला झाला तर त्यात ती बुडून जाते. आणि गलबला करणारा शेजारी म्हणजे साक्षीचाच बोर्ड. आलेल्या विजेचे सेकंदाला लाखभर तुकडे पाडून ती हव्या तशा दाबानं पुढे द्यायची, हे त्याचं काम. त्यात खडखड ही व्हायचीच. ती खडखड पुढे जाऊ नये म्हणून दारात दोन राखणदार ठेवलेले असतात. कॉइल तिला अडवते आणि तरीही जी निसटते तिला कपॅसिटर खालच्या खाली जिरवून टाकतो.

पुस्तकात हे दोघं फार सरळमार्गी असतात. कॉइल म्हणजे नागमोडी रेघ, कपॅसिटर म्हणजे समोरासमोर उभ्या दोन रेघा. नागमोडी रेघेनं फक्त कॉइलीचं काम करायचं, दोन रेघांनी फक्त कपॅसिटरचं. चार वर्षं साक्षीनं ह्या रेघांवर गणितं सोडवली आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले. कॉम्प्युटरवर बोर्ड चालवून बघतानाही तिनं ह्याच रेघा घातल्या होत्या, आणि कॉम्प्युटर बिचारा जे घालाल तेच खरं मानतो.

प्रत्यक्षातला कपॅसिटर दोन पायांवर उभा असतो. पाय म्हणजे तार, आणि तार आली की थोडीशी कॉइल आलीच. खडखड सावकाश असेल तोवर तो ती मुकाट जिरवतो. ती फार वेगाची झाली, की हाच गृहस्थ कॉइलीसारखा वागायला लागतो आणि जे जिरवायचं त्यालाच आडवा येतो. हे साक्षीला ठाऊक होतं. मंगळवारी तिनं सगळ्या कपॅसिटरांचे पाय मुळापर्यंत आखूड केले, त्यांच्या पोटाखाली बिनपायांचे चपटे कपॅसिटर डकवले. गलबला एक तृतीयांशानं कमी झाला. पण तपासणीसाठी आणलेलं किटलीतलं दूध अजून सहा पॉइंट सहा आणि सात पॉइंट एकच्या मधे हेलकावे खात होतं. शनिवारला चार दिवस उरले होते.

बुधवारी तिनं नमुन्याच्या पाचांपैकी कारखान्यात ठेवलेलं जुनं मशीन उघडलं आणि त्यातली कॉइल काढून नव्यात लावली. नव्या बोर्डाची भोकं शेजारीशेजारी असल्यामुळे पाय रिंगपासून लांबून वाकवून कसेबसे बसवावे लागले. आकडा थांबला. सहा पॉइंट आठ, सहा पॉइंट आठ, सहा पॉइंट आठ. मग नवी कॉइल जुन्या मशीनमध्ये घातली. वर्षभर शहाण्यासारखं वागलेलं ते मशीन लगेच बावचळलं.

म्हणजे दोष कॉइलीतच होता. दोन्ही कॉइली तिनं तळहातावर ठेवल्या. रिंग तीच, तार तीच, वेढे नव्वदच, गुंडाळणारे हात तेच. मीटर म्हणत होता, जुळ्या आहेत. एक चांगली होती, एक वाईट होती, आणि का ते सांगता आलं नाही तर शनिवारी आण्णांचंच म्हणणं खरं ठरणार होतं.

गुरुवारी सकाळी तिच्या डोक्यात आलं, की मीटर कॉइलीला एकाच संथ चालीवर चालवून बघतो. मशीनमधली आवाजाची लाट तर सेकंदाला वीस लाख फेरे घेते. तिनं कपाटावर धूळ खात पडलेलं लाटा काढायचं यंत्र खाली उतरवलं, पुसलं, दोन्ही कॉइली शेजारी शेजारी जोडल्या आणि एकेक करत वेग वाढवत नेला. त्याच्या पडद्यावर, कॉइलीला चुकवून किती लाट पुढे जाते ते दिसत होतं.

सुरुवातीला दोघी सारख्याच कडक. वेग वाढला तशा दोघीही जास्त जास्त अडवायला लागल्या. अकरा लाखांच्या आसपास नवी कॉइल अशी काही कडक झाली, की पडद्यावरची लाट जवळजवळ आडवी झोपली. साक्षीला वाटलं, ही तर जुनीपेक्षा सरस. तिनं वेग आणखी वाढवला आणि नव्या कॉइलीनं रंग बदलला. लाट हळूहळू उठायला लागली. पंधरा लाखाला गुडघ्याएवढी, वीस लाखाला कमरेएवढी. कॉइल आता अडवत नव्हती, वाट करून देत होती. अगदी कपॅसिटर वागेल तशी. जुनी मात्र वीस लाखाला लाट पुरती झोपवून, जागची न हलता उभी होती.

साक्षी किती तरी वेळ ते बघत राहिली. वर्गात फळ्यावर हे एकदा येऊन गेलं होतं: दोन वेढे शेजारी आले की त्यांच्यामध्ये एक बारीकसा कपॅसिटर आपोआप तयार होतो, असे सगळ्या वेढ्यांचे मिळून कॉइलीच्या पोटात एक कपॅसिटर लपलेला असतो, आणि वेग एका मर्यादेबाहेर गेला की तोच मालक होऊन बसतो. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही म्हणून तिनं ते पान सोडलं होतं. आज तेच पान तिच्यासमोर तांब्याचं होऊन बसलं होतं. किती सुंदर आहे हे, असं तिला मनापासून वाटलं. कपॅसिटरच्या पायांत कॉइल, कॉइलीच्या पोटात कपॅसिटर. निखळ असं दोघांतलं कुणीच नाही.

मग तिनं भिंग घेतलं आणि दोन्ही कॉइली नीट बघितल्या.

जुन्या कॉइलीत तार तीन वेढे पुढे जाऊन एक वेढा मागे, त्यांच्यावर चढत, अशी थोडी थोडी करत पुढे सरकली होती. आणि पहिला वेढा आणि शेवटचा वेढा ह्यांच्यामध्ये एक बोटभर रिंग उघडी ठेवलेली होती. नव्या कॉइलीत एक अख्खा फेरा रिंगभर, मग त्याच्यावरच परतीचा अख्खा फेरा. शेवटचा वेढा बरोबर पहिल्या वेढ्याच्या डोक्यावर. दोघांमध्ये रोगणाच्या पापुद्र्याखेरीज काही नाही. विजेचा सगळा दाब त्या दोन वेढ्यांमध्ये, आणि ते असे चिकटून. पोटातला कपॅसिटर फुगवायचा यापेक्षा चांगला मार्ग नव्हता.

आणि कॉइल अशी गुंडाळायला कुणी सांगितलं होतं?

पहिल्या पाच मशीनच्या वेळी साक्षीनं सोनूबाईंना नुसते वेढे सांगितले होते: नव्वद. बाकी त्यांनी त्यांच्या पद्धतीनं केलं. वीस मशीनच्या वेळी बोर्ड लहान करायचा होता, म्हणून तिनं कॉइलीची दोन भोकं अगदी शेजारी घेतली आणि दोन्ही टोकं तिथं यावीत म्हणून सुबक ड्रॉइंग काढून दिलं. ड्रॉइंग बघून सोनूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "म्याडम, मधी थोडी जागा सोडू काय?" आणि साक्षीनं मान वर न करता सांगितलं होतं, "ड्रॉइंगप्रमाणंच करा मावशी." कॉम्प्युटरमध्ये जागा सोडली काय, नाही सोडली काय, नागमोडी रेघ तीच राहते.

खरं सांगायचं तर त्यानंतरचा अर्धा तास साक्षीनं फार काही उदात्त विचार केला नाही. पुण्याच्या तयार कॉइली आल्या तर मशीनं सुधारतील. ड्रॉइंगचा विषय कायमचा मिटेल. कुणालाही काही कळणार नाही. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. मग ती उठली आणि खिडकीजवळच्या टेबलाशी गेली. जेवणाची सुट्टी झाली होती, हॉल रिकामा होता आणि सोनूबाई डबा सोडत होत्या.

"मावशी, ही मधली जागा तुम्ही का सोडायचा?"

सोनूबाईंनी कॉइल हातात घेतली, न बघता बोटानं चाचपली आणि खाली ठेवली. "सवय हाय."

"सवय कशी लागली?"

"लई जुनी गोष्ट हाय ती. टीव्हीच्या अँटेनाला बूस्टर लावत्यात बघ, तसलं बनवायच्या दुकानात होतो मी राजारामपुरीत. लग्न नुकतं झालंतं. मलकापूरच्या बाजूला डोंगरात टीव्ही दिसायचा न्हाय, तिकडं लई खपायचे. त्यातल्या कॉइली मीच गुंडाळायचो. बिघडलेलं परत आलं की त्यातली कॉइल उलगडायची, तार परत वापरायची. ते काम बी माझ्याकडंच." त्यांनी चटणीचा डबा उघडला. "उलगडता उलगडता ध्यानात आलं. परत येणाऱ्या कॉइलींत डोकं आणि शेपूट एकमेकाला चिकटलेलं असायचं. दर वेळी न्हाय, पण लई वेळा."

"मग?"

"मग काय? मालकाला विचारलं, तो म्हणाला गुंडाळ गप. मग मीच दहा कॉइली अशा केल्या, दहा तशा. चिकटलेल्यांना आतनं तांबडा दोरा बांधला, जागा सोडलेल्यांना पांढरा. दिल्या पाठवून. चार म्हयन्यांत तांबड्या दोऱ्याच्या सात परत आल्या. पांढऱ्याची एक बी आली न्हाय. मग पुढं-मागं करत गुंडाळायचं बी तसंच बघितलं. ते अजून बरं निघालं. का ते मला ठाऊक न्हाय बग. पण हाय ते असं हाय."

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं जे काही केलं होतं ते उत्तर आधीच माहीत असलेलं होतं. ह्या बाईनं उत्तर माहीत नसताना, विचारणारं कुणी नसताना, तांबडा आणि पांढरा दोरा घेऊन ते काढलं होतं. ज्या कॉइली दुसऱ्या कुणी कचऱ्यात टाकल्या असत्या त्यांना तिनं प्रश्न विचारले होते. साक्षीला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी एक गोष्ट लख्ख कळून तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझं ड्रॉइंग चूक हाय हे तुम्हाला तवाच कळलंतं."

"व्हय."

"मग बोलला का न्हाईसा?"

"बोललो की. एकदा."

"एकदा! पुन्हा का न्हाई? आण्णांनी सगळ्यांसमोर तुमचा हात गेला म्हणून सांगितलं, तवा तरी?"

सोनूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "ह्या वसाहतीत मी बत्तीस वर्षं हाय, पोरी. आपल्यातल्या बाया झाडू मारताना बघितल्या, पॅकिंग करताना बघितल्या. मी गुंडाळत बसलो. खुर्चीत बसून ड्रॉइंग काढणारी तू पयली. आणि तुझ्या पयल्याच ड्रॉइंगला, सगळ्यांदेखत, चुकलं म्हणायचं? ते बी माझ्या तोंडानं?" त्यांनी मान हलवली. "माझे डोळे तसे थकलेच हायत. टेबल आज न्हाय तर दोन वर्षांनी जाणारच हाय. तुझं नाव राहू दे की."

साक्षीला राग आला. रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे ती हॉलच्या मागे जाऊन नळाखाली तोंड धुऊन परत आली. मग तिनं सोनूबाईंसमोर एक कोरी रिंग ठेवली.

"मावशी, एक कॉइल करून द्या. तुमच्या पद्धतीनं."

शुक्रवारी संध्याकाळी ती कॉइल घालून तिनं मशीन स्वतः अमरसिंहांच्या संस्थेत नेलं. दूध घालायची वेळ होती, किटल्यांची रांग लागली होती. अमरसिंहांनी एका बाईची किटली पुढे घेतली आणि त्याच दुधाचे तीन नमुने मशीनला पाजले. सहा पॉइंट नऊ. सहा पॉइंट नऊ. सहा पॉइंट नऊ. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून चौथ्यांदा आणि पाचव्यांदा केलं. आकडा हलला नाही.

"काय केलंसा, ताई?" त्यांनी विचारलं.

"मी न्हाय काय केलं," साक्षी म्हणाली. "मी बिघडवलंतं."

शनिवारी अकरा वाजता पुण्याचा माणूस नमुन्यांची पेटी घेऊन आण्णांच्या केबिनमध्ये बसला होता. साक्षी आत गेली आणि आण्णांना म्हणाली, जरा बाहेर हॉलमध्ये या. हितंच सांग की, आण्णा म्हणाले. ती म्हणाली, नाही, हॉलमध्येच. दोष हॉलमध्ये लावला होता. तो काढायचाही तिथेच, हे तिनं रात्रीच ठरवलं होतं.

तिनं दोन्ही कॉइली मीटरला लावून दाखवल्या: आकडा सारखा. मग लाटांच्या यंत्राला लावल्या आणि वेग वाढवत नेला. आण्णांनी चष्मा चढवला. तीस माणसं मागे गोळा झाली. वीस लाखाला एका कॉइलीची लाट आडवी पडली आणि दुसरीची ताठ उभी राहिली, तसा कुणीतरी "आयला!" म्हणालं.

"ही झोपवणारी कॉइल सोनूबाईंनी त्यांच्या पद्धतीनं केली," साक्षी म्हणाली. "ही दुसरी त्यांनी माझ्या ड्रॉइंगप्रमाणं केली. त्यांचा हात कुठंही चुकलेला नाही. त्यांनी मला विचारलंही होतं, जागा सोडू का. मी नको म्हटलं. वीसच्या वीस मशीनं माझ्या ड्रॉइंगमुळं बिघडली."

सोनूबाईंचा आवाज खिडकीकडून कडाडला.

"तुला गप बसायला काय झालंतं गं? एवढं मी तोंड दाबून बसलो ते काय गंमत म्हणून?"

साक्षी वळली. "मावशी, माझी चूक तुमच्या हातावर घालून मला नाव नको."

सोनूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. पदरानं डोळे पुसले, आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी लागू नये म्हणून पुन्हा जपून पुसले.

आण्णा खिडकीपाशी गेले. "सोनूबाई," ते म्हणाले, आणि सोमवारच्या इतक्याच मोठ्यानं म्हणाले, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे, "मी बोललो ते चुकलं. बसा. टेबल कुठं जात न्हाय." मग साक्षीकडे वळून, "आणि तू, उभी काय राहिलीस? नवं ड्रॉइंग काढ. वीसच्या वीस मशीनं सुधारायची हायत." पुण्याच्या माणसाला त्यांनी चहा पाजून वाटेला लावलं.

साक्षीनं दुपारभर बसून नवं ड्रॉइंग काढलं. तीन वेढे पुढे, एक मागे. मधली जागा सोनूबाईंच्या जुन्या कॉइलीवर कोनमापक ठेवून मोजली: तीस अंश. बोर्डावरची भोकं होती तिथंच होती, म्हणून शेवटचा पाय त्या मोकळ्या जागेवरून, रिंगला लागूनच वळवून पहिल्या पायाशेजारी आणला. दोनदा तपासलं, छापलं आणि खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मग आपल्या जागेवर येऊन बसली.

चार वाजत आले होते. हॉलमध्ये सगळे आपापल्या कामाला लागले होते. सोनूबाईंनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला, उलटा धरला, परत सुलटा केला. रिंगवर बोट ठेवून त्यांनी तारेची वाट पहिल्या वेढ्यापासून शेवटपर्यंत हवेतच गिरवली. बोट शेवटच्या पायाशी येऊन थांबलं. त्यांनी एकदा साक्षीकडे बघितलं, एकदा भरलेल्या हॉलकडे बघितलं.

"म्याडम!" त्यांनी हाक मारली ती पार दारापर्यंत ऐकू गेली. "हितं चुकलंय! मधी जागा सोडलीसा आणि हा पाय परत डोक्याजवळनंच नेलासा की! भोक सरकवा तिकडं!"

साक्षी पेन्सिल घेऊन उठली. "कुठं, दाखवा," ती म्हणाली आणि त्यांच्या टेबलाशी स्टूल ओढून बसली.